फुली दिसते एक, बिटं लागतात दोन

ठाण्याहून खाडी ओलांडून कशेळीत शिरलं की रस्त्याच्या कडेनं फर्निचरची दुकानं लागतात. पुढे काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली हा गोदामांचा पट्टा. यंत्रमागांची भिवंडी आता ऑनलाइन मागवलेल्या पलंग-कपाटांचीही भिवंडी झाली आहे. खोक्यातून सुट्या फळ्या येतात, स्क्रूंची पुडी येते. पिळायचं बिट मात्र बहुधा आपल्याच घरचं. दिवाळीच्या तोंडावर स्क्रूच्या डोक्याचा चुरा होतो तो याच बिटापायी.

फुलीचा स्क्रू म्हटलं की आपण हाताला लागेल ते ‘प्लस’चं बिट लावतो. पण फुल्या दोन जातींच्या असतात. पहिली फिलिप्स, म्हणजे पीएच. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सनं १९३६ साली तिची पेटंटं मिळवली आणि मोटारींच्या कारखान्यांनी ती उचलून धरली. तिच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. जोर वाढला की बिट वर ढकललं जातं आणि निसटताना कडा खातं. दुसरी पोझिड्राइव्ह, पीझेड. ही १९६०च्या दशकात ब्रिटनच्या जीकेएन कंपनीनं पुढे आणली. हिच्या भिंती जवळजवळ सरळ, म्हणून पकड घट्ट. जुन्या सुतारांच्या तोंडी असलेलं ‘नेटलफोल्ड’ हे स्क्रूचं नाव याच घराण्यातलं. जीकेएनमधला ‘एन’ तोच.

ओळखायचं कसं? फुलीच्या चार हातांमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर पीझेड, नाहीतर पीएच. पीझेडच्या खाचेत पीएचचं बिट शिरतं, म्हणूनच फसगत होते. आत ते डुगडुगतं. उलट केलं तर बिट तळापर्यंत बसतच नाही. पार्टिकल बोर्डाचे स्क्रू आणि युरोपीय घडणीच्या कपाटाच्या बिजागऱ्या यांना सहसा पीझेड २ लागतं. प्लायमध्ये सर्रास मारले जाणारे काळे स्क्रू पीएच २चे. ते मुळात जिप्सम बोर्डासाठी घडवलेले, कडक पण ठिसूळ. सागवानात त्यांची डोकी तुटतात. मला ते लाकडात अजिबात पसंत नाहीत.

आकाराचं गणित सोपं आहे. सहा, आठ आणि दहा नंबरच्या स्क्रूला २ नंबरचं बिट, बाराला ३, चार किंवा त्याहून बारीक असेल तर १. सहा पाकळ्यांच्या ‘स्टार’ खाचेचे, म्हणजे टॉर्क्सचे, स्क्रू मिळाले तर दोन पैसे जास्त देऊन घ्यावेत. १९६७च्या या रचनेत बिट वर ढकलणारा उतारच नाही. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला बहुधा टी २०, ५ला टी २५.

बिटाच्या माथी मारलेले निम्मे दोष भोकाचे असतात. सागवानात आठ नंबरचा स्क्रू घालण्याआधी साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडा, आट्यांना मेण लावा. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळी बसवा. ड्रिल मशीनचा क्लच कमीवर ठेवून सुरुवात करा आणि मशीन स्क्रूच्या सरळ रेषेत दाबून धरा.

खरेदीपूर्वी एक चाचणी घ्या: स्क्रू बिटावर चढवून हलवून पाहा, डुगडुगला तर बिट बदला. चाळीस तुकड्यांची चकचकीत पेटी घेऊ नका. पीएच २ आणि पीझेड २ची प्रत्येकी दोन चांगली बिटं घ्या, आणि टोक गोल झालं की बिनदिक्कत फेकून द्या.