परदेशातली ड्युटी

परदेशात नर्स म्हणून काम करायचे तर दोन नोंदण्या लागतात: एक आपल्या राज्याच्या परिषदेची आणि दुसरी ज्या देशात जायचे तिथली. पहिली हातात नसेल तर दुसरीसाठी अर्जही करता येत नाही. महाराष्ट्रात ही पहिली नोंदणी मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. त्यासाठी बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांत बीएस्सीची पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी आहे. त्या बळावर बहुतेक देश नोंदणीकृत नर्स म्हणून घेत नाहीत. दहावी-बारावीतल्या मुलींना ही गोष्ट वेळेवर कुणी सांगत नाही आणि मग फार उशीर होतो.

रायगड जिल्ह्यातल्या रोहा तालुक्यातले, अंबा नदीकाठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे नागोठणे घ्या, तिथेही हेच घडते. आखात या पट्ट्याला नवे नाही. रायगड-रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतले पुरुष कित्येक वर्षांपासून तिकडे नोकरीला जात आले आहेत. नर्सिंगची वाट मात्र इथे उशिरा रुळते आहे. मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत केरळच्या नर्स पूर्वीपासून मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या अनेक जणी तिथे दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन पुढे आखात किंवा इंग्लंड गाठतात. मराठी मुलीच्या घरच्यांचा डोळा सहसा सरकारी अधिपरिचारिकेच्या जागेवर असतो. ती जाहिरात निघेपर्यंत कुठल्यातरी छोट्या दवाखान्यात नाममात्र पगारावर वर्षे जातात आणि परदेशाच्या हिशेबात नेमकी हीच वर्षे कमी भरतात.

याचे कारण अनुभवाच्या अटीत आहे. आखाती देश साधारणपणे दोन वर्षांचा सलग अनुभव मागतात. रुग्णालय किती खाटांचे होते, कोणत्या वॉर्डात काम केले, मध्ये खंड किती पडला, हेही पाहिले जाते. पेण किंवा रोह्याचे उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय, कामोठे-नेरूळची मोठी रुग्णालये इथला अनुभव सहज मानला जातो. आठ-दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये मुलगी कितीही राबलेली असली तरी तो अनुभव कागदावर फिका ठरतो.

मग कागद तपासणे सुरू होते. आखाती देशांच्या परवान्यासाठी डेटाफ्लो नावाची पडताळणी करावी लागते. उमेदवाराने दिलेल्या प्रमाणपत्राची खातरजमा थेट ते देणाऱ्या कॉलेजकडे, परिषदेकडे आणि रुग्णालयाकडे केली जाते. दवाखाना बंद पडला असेल किंवा तिथल्या ऑफिसने पत्राला उत्तरच दिले नाही, तर प्रकरण लटकते. खोटे अनुभवपत्र तर हमखास पकडले जाते. त्याची नोंद राहते आणि पुढचे दरवाजेही बंद होतात.

मराठी मुलींचा सर्वांत मोठा घोळ नावाचा असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर क्रम वेगळा. लग्नानंतर परिषदेत नाव बदलले, आधारवर बदलले, पासपोर्टवर पतीचे नाव मधे घातले आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाची राहिली. घरच्यांच्या लेखी ही एकच व्यक्ती असते. रियाधच्या किंवा लंडनच्या तपासनिसाला मात्र ती तीन वेगवेगळी माणसे दिसतात. मग राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा, विवाह नोंदणीचा दाखला जोडा, प्रतिज्ञापत्र करा, असे हेलपाटे सुरू होतात. पहिला पासपोर्ट काढतानाच नाव गुणपत्रिकेशी अक्षर न अक्षर जुळवून घेतले तर यातले बहुतेक हेलपाटे वाचतात.

परीक्षा देशागणिक वेगळी असते. दुबई, अबू धाबी, सौदी यांच्या परवान्यासाठी संगणकावर बहुपर्यायी परीक्षा होते. ब्रिटनमध्ये नोंदणी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल करते. तिथे आधी इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी परीक्षा, मग भारतातच संगणकावरची परीक्षा आणि तिथे पोहोचल्यावर प्रात्यक्षिक, ज्याला सगळे ‘ऑस्की’ म्हणतात. ऑस्कीत दहा टप्पे असतात. रुग्णाची तपासणी, शुश्रूषेचे नियोजन, औषध देणे, केलेल्या कामाचे मूल्यमापन, निर्जंतुक ड्रेसिंग अशी कामे परीक्षकासमोर ठरलेल्या वेळात करून दाखवायची. सुई टोचण्यात भारतीय नर्स सहसा चुकत नाही. तिचे गुण जातात ते प्रत्येक कृतीआधी रुग्णाला काय करणार ते सांगण्यात आणि त्याची परवानगी घेण्यात. ज्या वॉर्डात एकीच्या वाट्याला तीस-चाळीस रुग्ण येतात, तिथे ही सवय लागायला वेळच मिळत नाही. जर्मनीचा रस्ता याहून लांबचा आहे, कारण तिथे आधी जर्मन भाषा शिकावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्सिंगचा त्यात समावेश आहे.

आखातात जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रांतच होते. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयरोगाचा डाग दिसला तर ‘अनफिट’ असा शेरा बसू शकतो. क्षयरुग्णांची सेवा करताना लागण झालेल्या नर्सला त्याच आजारापायी नोकरी नाकारली जाते. हा नियम निष्ठुर आहे.

एजंटांच्या लुटीला २०१५ साली काही प्रमाणात लगाम बसला. कुवेतच्या भरतीत नर्सकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे त्या वर्षी उघड झाली. त्यानंतर केंद्र सरकारने आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या नर्ससाठी एमिग्रेशन क्लिअरन्स सक्तीचे केले आणि सुरुवातीला ही भरती सरकारी संस्थांकडेच सोपवली. भरती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होते. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येते. याहून जास्त मागणारा कायदा मोडतो, मग तो ओळखीचा असो की नात्यातला.

परदेशात पोहोचल्यावर पहिला फरक वॉर्डात जाणवतो. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे नातेवाईक आणि मावशी करतात. तिकडे नातेवाईक भेटीच्या वेळेपुरते येतात. बाकीचे सगळे नर्स आणि तिच्या हाताखालचे मदतनीस करतात. आपल्याकडे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या असतात, तिकडे बहुतेक ठिकाणी बारा तासांची ड्युटी. इंग्लंडमध्ये कोपराखाली हात मोकळे ठेवण्याचा नियम आहे. बांगड्या, मनगटी घड्याळ, खड्याची अंगठी काढून ठेवायची, फक्त साधी लग्नाची अंगठी चालते. घड्याळ गणवेशावर छातीशी उलटे टाचलेले असते.

औषध देण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. नर्स रुग्णाला नाव आणि जन्मतारीख विचारते. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारायचे नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. उत्तर मनगटाच्या पट्टीशी आणि औषधाच्या तक्त्याशी ताडून पाहते, मग ॲलर्जी विचारते. मॉर्फिनसारखे औषध असेल तर कुलूपबंद कपाटापाशी दोघी जणी उभ्या राहतात. १० मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधून ५ द्यायचे असेल तर उरलेले ५ दुसरीच्या देखत टाकून द्यायचे, रजिस्टरात दोघींच्या सह्या, शिल्लक ॲम्प्यूल मोजून आकडा जुळवायचा. पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देण्याघेण्यातही हीच शिस्त असते. जे लिहिले नाही ते केलेच नाही असे धरले जाते. डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला तर नर्सने त्याला विचारलेच पाहिजे. विचारले नाही तर दोष तिचाही. ‘सर म्हणाले’ एवढ्यावर मोकळे होण्याची सवय असलेल्या मुलीला हे अंगवळणी पडायला काही महिने लागतात. पण एकदा जमले की तिची जागा कुणी हलवू शकत नाही.

बोलण्यातही अंतर असते. मराठी वॉर्डात म्हाताऱ्या रुग्णाला आजी, काका म्हटले की निम्मे काम होते. इंग्लंडमध्ये मात्र तुम्हाला काय नावाने हाक मारू हे आधी विचारावे लागते. ऐंशी वर्षांच्या बाई आपले पहिले नाव सांगतात आणि त्याच नावाने हाक मारावी लागते. आखातात सोबतिणी बहुतेक मल्याळी आणि फिलिपिनो. त्यांच्यात मराठी मुलगी एकटी पडते. हिंदी-इंग्रजीवर निभावते आणि वेदना, श्वास, पाणी यांचे अरबी शब्द पहिल्या महिन्यातच शिकते.

राहणे आखातात बरेचदा रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये, खोलीत दोघी-तिघी. इंग्लंडमध्ये सुरुवातीचे काही आठवडे राहण्याची सोय होते, पुढे भाड्याची खोली स्वतः शोधायची. नर्सच्या व्हिसावर पती आणि मुलांना नेता येते. आखातात ते पगाराच्या मर्यादेवर अवलंबून. सणाला घरी येणे रोस्टरवर ठरते. गौरी-गणपतीची रजा हवी तर ती काही महिने आधी मागावी लागते. १९३२ पासून चालू असलेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ, तशीच इतर शहरांतली मंडळे, रजा मिळाली नाही तर मोठा आधार होतात.

ब्रिटनमधली भरती अलीकडे मंदावली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अहवालात जगात ५९ लाख नर्स कमी असल्याचे नोंदवले होते. त्यामुळे मागणी एका देशात घटली तरी दुसरीकडे निघते. मायदेशी परत येणाऱ्यांची संख्याही कमी नसते. म्हणूनच परदेशी गेलेल्या प्रत्येक नर्सने एक काम विसरू नये: महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी. ती लॅप्स झाली तर पुढच्या देशाला लागणारे गुड स्टँडिंगचे प्रमाणपत्र अडते आणि रोह्याला परत येऊन नोकरी धरायची म्हटली तरी अडते.