अळणी मटण : ज्येष्ठांचा वाटा आधी

दात सैल झाले, पचन मंदावले, की घरातील ज्येष्ठांच्या ताटातून सर्वांत आधी हद्दपार होते ते मटण. त्याऐवजी वाटीभर पातळ सूप त्यांच्यापुढे येते आणि आता अंगात ताकद येईल, असे समाधान घरचे मानतात. परंतु त्या रसात प्रथिने फारच थोडी उतरतात. बहुतांश तुकड्यांतच राहतात. तुकडे इतरांनी खाल्ले आणि रस तेवढा आजोबांना दिला, तर चव त्यांच्यापर्यंत पोहोचते, पोषण मात्र पोहोचत नाही.

वाढत्या वयात स्नायू क्षीण होतात. उठणे-बसणे, जिना चढणे, तोल सावरणे अवघड होत जाते. निरोगी ज्येष्ठांनी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ही गरज ६० ते ७२ ग्रॅम होते. डाळ, दूध, अंडी, मासे यांतून ती भागवायचीच असते. शिजलेल्या मटणाचे हाडाविना ६० ग्रॅम तुकडे तीत सुमारे १५ ग्रॅमची भर घालतात. प्रश्न उरतो चावण्याचा, आणि तो मंद आच सोडवते.

पाककृती

कोल्हापूरकडे तांबडा-पांढरा रस्सा करण्यापूर्वी मटण अळणी शिजवून घेतात. नाव अळणी असले तरी त्यात थोडे मीठ असते. नसतो तो तिखट मसाला.

मानेचे किंवा पुढच्या पायाचे अर्धा किलो मटण घ्यावे. हे भाग चिवट असतात, कारण त्यांत कोलॅजेन अधिक असते. ओलसर उष्णतेत दीर्घकाळ राहिल्यास त्याचे मऊ जिलेटिन होते. मोठ्या आचेवर खळखळ उकळल्यास मात्र तंतू आक्रसतात आणि तुकडा कोरडा पडतो.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेलावर बारीक चिरलेला कांदा परतावा. आले-लसणाचे वाटण, हळद व मटण घालून पाणी सुटेपर्यंत परतावे. पातेल्यावर ताट ठेवून त्यात पाणी घालावे आणि ते तापले की मटणात ओतावे. रस हळूहळू बुडबुडत राहील एवढ्याच आचेवर दीड ते दोन तास शिजवावे. चमच्याने दाबताच मांस हाडापासून सुटले, की झाले. मीठ शेवटी, बेताने घालावे.

आता ज्येष्ठांचा वाटा आधी बाजूला काढावा. उरलेल्या अळणीत कांदा-लसूण मसाला घालून इतरांसाठी तांबडा रस्सा करता येतो. एकाच पातेल्यातील जेवण सर्वांच्या ताटात आले, की आपल्यासाठी वेगळे पथ्याचे शिजते आहे, ही खंत वृद्धांच्या मनात राहत नाही.

वाढताना

हाडाची बारीक कपरी राहिली नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. मांसाचे धागे मोकळे करून मऊ भातात किंवा रश्श्यात कुस्करलेल्या भाकरीत कालवावेत. वर लिंबू पिळल्यास चव येते आणि आहारातील लोह शोषले जाण्यासही मदत होते. रस्सा फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर गोठलेली चरबी काढून टाकता येते. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि पुन्हा देताना चांगली उकळी आणावी.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. संधिवातापैकी गाऊट असलेल्यांनी मटण व त्याचा रसही जपून घ्यावा, कारण युरिक ॲसिड वाढविणारे प्युरीन रसात उतरतात. रक्तदाब असल्यास मीठ आणखी कमी करावे. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ रस श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी अन्न किती घट्ट वा मऊ असावे, हे डॉक्टरांना विचारूनच भरवावे.

यांपैकी काही अडचण नसेल, तर आठवड्यातून एखादे वेळी हा बेत जरूर करावा. मात्र वाढताना वाटीत रसाबरोबर मऊ शिजलेले तुकडेही असू द्यावेत.