थंडी पडली म्हणून गोचीड मरत नाही

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाबद्दल एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तिथं एवढी थंडी, की जंतांना आणि गोचिडींना थाराच नाही. आता हवा तापली म्हणून ही पीडा दक्षिणेकडून वर सरकते आहे. यातला सरकण्याचा भाग खरा आहे. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलं आणि स्वीडनमध्ये गोचिडी पूर्वीपेक्षा बऱ्याच उत्तरेला सापडू लागल्या. पण परजीवी तिथं नवखे नाहीत. थंडीशी त्यांचं फार जुनं जमलेलं आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. त्याच बेटांवरच्या रेनडिअरच्या पोटात मार्शालागिया नावाचा बारीक जंत असतो. या जंताची लागण भर हिवाळ्यात होते, कारण त्याची अंडी गोठली तरी जगतात. ध्रुवीय अस्वल, आर्क्टिक कोल्हा आणि वॉलरस यांच्या मांसात सापडणारी ट्रिकिनेला नेटिव्हा ही जंताची जात तर गोठलेल्या मांसात वर्षानुवर्षं तग धरते. डुकराच्या मांसातली तिची भावंडं फ्रीझरमध्ये मरतात, ही मरत नाही. म्हणून कॅनडातल्या नुनाविकमध्ये वॉलरसची शिकार झाली की त्याची जीभ तपासणीला जाते आणि निकाल आला की मगच मांस वाटलं जातं.

‘एक-दोन अंशांनी असा काय फरक पडतो?’

कॅनडाच्या नुनावुत प्रांतात, कुग्लुक्टुक गावाच्या परिसरात, १९८८ मध्ये मस्क ऑक्स या जनावराच्या फुप्फुसांत गाठी सापडल्या. गाठी चिरल्या तर आत लांबलचक जंत. १९९५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्याला नाव मिळालं उमिंगमाकस्ट्राँगिलस. या जंताच्या अळ्या जनावराच्या शेणातून बाहेर पडतात आणि आपले शेतकरी जिला शेंबी म्हणतात तसल्या बिनशंखाच्या गोगलगाईत शिरतात. तिच्या अंगात त्यांची पुढची वाढ होते. चरताना गवताबरोबर ती गोगलगाय पोटात गेली, की नवं जनावर बाधित होतं.

खरी मेख गोगलगाईतल्या वाढीत आहे. साधारण साडेआठ अंश सेल्सियसच्या खाली अळी वाढतच नाही. तिथला उन्हाळा इतका तोकडा, की वाढ एका मोसमात पुरी होत नसे. अळीला गोगलगाईच्या अंगात हिवाळा काढून पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागे. त्या मधल्या हिवाळ्यात कितीतरी गोगलगाई मरत, त्यांच्याबरोबर अळ्याही. परजीवींच्या अभ्यासक सुझन कुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की हा दोन वर्षांचा फेरा आता एका वर्षात पुरा होऊ लागला आहे. सरासरी थोडीच वाढली, पण तो उंबरठा ओलांडणारे दिवस वाढले आणि मधला मारक हिवाळा गळून गेला. २००८ मध्ये हा जंत समुद्रापलीकडच्या व्हिक्टोरिया बेटावर सापडला. जनावरं गोठलेल्या समुद्रावरून तिथं ये-जा करतातच. टिकण्यापुरती ऊब त्याला तिथं आता मिळू लागली.

‘म्हणजे जितकं ऊन, तितके जंत’

हेही सरसकट खरं नाही. फिनलंडमध्ये लागोपाठचे उन्हाळे उबदार गेले, तेव्हा डासांमधून पसरणाऱ्या सेटारिया जंतानं २००३ पासून रेनडिअरचे कळप आजारी पाडले, हे खरं. पण कॅरिबू-रेनडिअरच्या पोटातल्या ऑस्टरटेगिया जंताच्या अळ्या उघड्या जमिनीवर वाढतात आणि फार उष्णतेत मरतात. शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की तापमान वाढत गेलं तर लागणीचा एक उन्हाळी मोसम दुभंगेल: थोडी लागण वसंतात, थोडी शरदात, मध्ये खंड. काही परजीवी तर तापमानवाढीत नष्टही होतील. आणि ते गेले म्हणजे बरंच झालं, असं मला वाटत नाही. स्वालबार्डच्या रेनडिअरची संख्या आवरण्यात याच ऑस्टरटेगियाचा हात आहे.

‘एकदा कडाक्याची थंडी पडू दे, गोचिडी साफ होतील’

ध्रुवापासून बरंच खाली, अमेरिकेत मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये मूस नावाचं प्रचंड हरीण आहे. त्याच्यावर राहणारी हिवाळी गोचीड सगळा हिवाळा एकाच जनावराच्या अंगावर काढते. दाट केसांत ती उबेत असते, बाहेर उणे वीस झालं तरी तिला त्याचं काही नाही. जानेवारीतल्या थंडीला दाद न देणाऱ्या या गोचिडीचं नशीब शरदात आणि वसंतात ठरतं.

सप्टेंबरपासून तिच्या इवल्याशा अळ्या झुडपांच्या टोकांवर पायात पाय अडकवून घोस करून बसतात. मूस अंग घासून गेला की अख्खा घोस त्याच्यावर चढतो. पहिला मोठा बर्फ पडला की हा खेळ संपतो. तो बर्फ उशिरा पडला, तर तितके जास्त आठवडे अळ्यांना मिळतात. पुढे एप्रिलमध्ये रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्या खाली गळतात. बर्फावर पडल्या तर बहुतेक मरतात. मोकळ्या पाचोळ्यावर पडल्या तर जूनमध्ये हजारो अंडी घालतात.

एका मूसच्या अंगावर कित्येक दहा हजार गोचिडी असू शकतात. रोग पसरवून नव्हे, नुसत्या रक्तशोषणानं त्या मारतात. खाज सुटून जनावर झाडांना अंग घासतं, काळे केस तुटून पांढुरके खुंट उरतात. तिथले लोक त्याला ‘भुताचा मूस’ म्हणतात. मोठी जनावरं बहुधा तगतात. जेमतेम वर्षाची वासरं मार्च-एप्रिलमध्ये, चारा उगवायच्या तोंडावर, रक्त आटून मरतात. २०१४ ते २०१६ या काळात न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या पाहणीत कॉलर बांधलेल्या वासरांपैकी सुमारे सत्तर टक्के दगावली. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही.

मात्र सगळा दोष हवामानावर टाकला, तर तोही गैरसमजच होईल. मेनमध्ये जंगलतोडीनंतर उगवलेल्या कोवळ्या झाडीवर मूसची संख्या खूप वाढली होती. जनावरं दाटीनं असली की झुडपावरच्या घोसाला यजमान हमखास भेटतो. पहिला बर्फ कधी पडावा, हे माणसाच्या हातात नाही, दाटी आहे. म्हणून मेन राज्यानं २०२१ पासून एका विभागात माद्यांच्या शिकारीचे जादा परवाने दिले. संख्या उतरली तर गोचिडींचा फेरा तुटतो का, हे शेजारच्या विभागाशी ताडून पाहायचं. वासरं वाचावीत म्हणून गाभण होऊ शकणाऱ्या माद्या मारायच्या, हा निर्णय पचायला जड आहे, पण गोचिडीचं वर्षभराचं वेळापत्रक समोर ठेवलं की तो का घ्यावासा वाटला हे कळतं.