अलिंद-विकंपन आणि रक्तगुठळ्यांचा प्रतिबंध

अलिंद-विकंपन : हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे (अलिंदांचे) सुसूत्र आकुंचन थांबून त्यांच्या भिंती केवळ जलद व अनियमितपणे थरथरत राहणे, या विकारास अलिंद-विकंपन म्हणतात. डॉक्टरांच्या कागदांवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असे लिहिलेले असते, तो विकार हाच. काही रुग्णांना धडधड, दम वा थकवा जाणवतो. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. मनगटावरील नाडी बेताल लागल्यास संशय घ्यावा व विद्युत् हृल्लेखाने (ई. सी. जी.) निदान निश्चित करावे.

खरा धोका धडधडीचा नसून साकळण्याचा आहे. अलिंद पूर्ण रिकामे होत नसल्याने त्यातील, विशेषतः डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या उपांगातील रक्त संथ होते व त्याची गुठळी बनते. ती सुटून मेंदूच्या रोहिणीत अडकली की पक्षाघात होतो. या विकाराने पक्षाघाताचा संभव सुमारे पाचपट वाढतो. संधिवाताभ ज्वराने डावीकडील द्विदल झडप आकसलेली असल्यास तो सुमारे सतरापट होतो, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीत दिसून आले.

उतारवय, उच्च रक्तदाब, मधुमेह व अवटू ग्रंथीचे विकार ही विकंपनाची नेहमीची कारणे होत. भारतात संधिवाताभ ज्वराचाही विचार करावा लागतो. लहानपणीच्या घसादुखीतून उद्‌भवणारा हा ज्वर झडपांवर कायमचे व्रण ठेवून जातो आणि विकंपन ऐन कर्त्या वयात सुरू होते.

प्रतिबंधाचे जुने व स्वस्त औषध म्हणजे वॉर्फरिन. ते १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले व १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. हा पूर्वेतिहास सुशिक्षितांनाही दचकवतो. पण योग्य मात्रेत ते पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटवते. ॲस्पिरिनचा उपयोग याहून बराच कमी. वॉर्फरिनची मात्रा मात्र सर्वांना एकच देता येत नाही. आय. एन. आर. या रक्तपरीक्षेचा आकडा सामान्यतः २ ते ३ यांदरम्यान ठेवावा लागतो. तो खाली गेल्यास गुठळीचे भय, फार वर गेल्यास रक्तस्रावाचे. मात्रा स्थिरावेपर्यंत ही तपासणी वरचेवर व पुढे नियमित करावी लागते.

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत या अटीचा अर्थ नीट कळतो. कर्जत व खोपोली मुंबईशी उपनगरी रेल्वेने जोडलेली आहेत. तथापि भीमाशंकराच्या पायथ्याशी असलेल्या खांडससारख्या गावांहून किंवा ठाकूर-कातकरी वाड्यांवरून स्थानक गाठणे हाच एक प्रवास असतो. लावणीच्या दिवसांत रोजगार बुडवून कोणी रक्त तपासायला जात नाही. पावसाळा उपवर झाला की वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाची तपासणी तर महिनोन्‌महिने राहून जाते.

आहाराचाही प्रश्न आहे. हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व वॉर्फरिनच्या क्रियेस विरोध करते. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, माठ या भाज्या रोज ताटात येऊ लागल्या की तोच डोस अपुरा पडू शकतो. भाजी बंद करणे हा त्यावर उपाय नव्हे. ती बेताने, शक्यतो सारख्या प्रमाणात खावी व ऋतू बदलताना तपासणी करावी. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो; भाजीपेक्षा ही सवय अधिक घातक. वॉर्फरिन गर्भास अपायकारक असल्याने दिवस राहण्यापूर्वीच स्त्रीने वैद्यकीय सल्ला घ्यावा.

२०१० नंतर डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही औषधे प्रचारात आली. त्यांना आय. एन. आर. लागत नाही, मूत्रपिंडांचे कार्य मात्र तपासावे लागते. दुर्गम वाडीसाठी हीच सोयीची, असे वाटणे साहजिक आहे व झडपा निरोगी असलेल्या बहुतेक रुग्णांत ते बरोबरही आहे. पण संधिवाताभ हृद्‌रोग असलेल्या ४,५०० हून अधिक रुग्णांवर २४ देशांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिव्हारोक्साबानपेक्षा वॉर्फरिनच्या वर्गातील औषधे घेणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले. म्हणजे तपासणीची ज्यांना सर्वांत अडचण, त्यांतल्याच अनेकांना तपासणीचे औषध आवश्यक ठरते. अशा वेळी औषध बदलण्यापेक्षा रक्ततपासणी वाडीच्या जवळ नेणे अधिक युक्त होय.

बरे वाटते म्हणून गोळी थांबवू नये. गुठळी बनताना काहीही दुखत नाही. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि चालू गोळीचे नाव सांगावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि रुग्ण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असल्यास ते द्यावे की नाही, हे त्या गोळीवर अवलंबून असते.