कपाटातला डबा आणि आईंचा रिमोट

गेल्या सप्टेंबरात सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे क्रॉयडनला आल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला वर्ष होऊन गेलं होतं, तरी सोफ्यावरून उठायला आधार लागायचा. आणि आमच्या जुन्या व्हिक्टोरियन घरात टीव्हीचा सेट टॉप बॉक्स शेकोटीशेजारच्या कोनाड्यात, लाकडी दाराच्या कपाटात कोंडलेला. धाकटा दीड वर्षाचा, दिसेल ते बटण दाबणारा, म्हणून ही व्यवस्था.

पहिले चार दिवस आई म्हणायच्या, "अगं, जरा ते दार उघडतेस का?" पाचव्या दिवसापासून त्यांनी म्हणणं सोडलं. मालिकेची वेळ झाली की जपमाळ घेऊन बसायच्या. विचारलं तर, "राहू दे गं, त्यात काही राम उरला नाही." मला ते खरंच वाटलं. मग एक दिवस लेक म्हणाली, "आई, आजी म्हणते, तुझी भाकरी तव्यावर असते तेव्हा तुला कसं बोलवायचं?" ऐकून कसंतरीच झालं. शाळेत हात वर न करणारी मुलं मला बरोबर ओळखू यायची, घरात मात्र चुकले.

दार उघडं ठेवायची सोय नव्हती. नवऱ्यानं शोधून रिमोट एक्सटेंडरचा संच मागवला आणि स्वतः ऑफिसच्या कामाला परगावी गेला. मी इतिहासाची एम. ए. त्यामुळे आधी त्याची कुळकथा वाचली. रिमोटमधून निघतो तोही प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, लाल रंगाच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. तेव्हा तो राहायचा आपल्या स्लाऊला! हे अवरक्त किरण लाकडातून जात नाहीत. म्हणून एक्सटेंडरचा 'डोळा' कपाटाबाहेर लावायचा. तो रिमोटची खूण टिपतो, तारेतून आतल्या छोट्या डबीकडे पाठवतो, आणि डबीला जोडलेला इवलासा दिवा तीच खूण सेट टॉप बॉक्ससमोर पुन्हा चमकावतो.

वाचायला सोपं. लावल्यावर ढिम्म. पहिली चूक शुद्ध वेंधळेपणाची: डोळ्याची पिन आणि दिव्याची पिन दिसायला सारखीच, मी अदलाबदल केली होती. दुसरी जागेची. दिवा बॉक्सवर कुठंही चिकटवून चालत नाही, त्याच्या आतल्या ग्राहकाच्या अगदी समोर यावा लागतो. काळ्या प्लास्टिकमागे तो दिसत नाही; टॉर्चचा झोत तिरका मारला तेव्हा गोल ठिपका सापडला. तिसरी युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट ठिणगी दिसते. (मागचा कॅमेरा बहुधा हे किरण गाळून टाकतो.) एक्सटेंडरचा दिवाही असाच तपासता येतो. रिमोटची ठिणगी दिसते आणि दिव्याची नाही, तर घोटाळा मधल्या तारेत. काही नव्या रिमोटांचं काम ब्लूटूथवर चालतं, त्यांना ही यातायात लागतच नाही.

त्या संध्याकाळी आईंनी सोफ्यावरून बटण दाबलं आणि चॅनल बदललं. काही बोलल्या नाहीत. पुन्हा मागचं लावलं, पुन्हा पुढचं. दहा मिनिटं नुसती चॅनलं बदलत होत्या.

वसुबारसेला संध्याकाळी सगळं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक, संध्याकाळी परत बंद. मी पिना काढल्या, घातल्या, रिमोटचे सेल बदलले. डोळ्यावरचा बारीक निळा दिवा मात्र कुणी बटण दाबत नसतानाही सारखा लुकलुकत होता. मी तारेवर संशय घेऊन बसले. आई सोफ्यावरून शांतपणे म्हणाल्या, "अगं, कंदील लावला की ते बिघडतंय."

पावसामुळे आकाशकंदील यंदा खिडकीच्या आतच टांगला होता आणि त्यात आईंनी पुण्याहून आणलेला जुना सीएफएल दिवा होता. होल्डर दोन्हीकडे सारखाच, खटका मारून बसणारा, त्यामुळे मी तो आनंदानं लावला होता. रिमोटचा प्रकाश सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो आणि त्या लयीवरूनच डोळा त्याला ओळखतो. सीएफएलही सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो. खिडकीतून तो थेट डोळ्यावर पडत होता, आणि त्या गोंगाटात बिचाऱ्याला रिमोट ऐकूच येईना. कंदील बंद केला, निळा दिवा थांबला. लावला, सुरू झाला. लेकीनं पाच-सहा वेळा करून पाहिलं.

कंदिलात एलईडी बल्ब घातला आणि डोळा खिडकीकडून वळवून कोनाड्याच्या आतल्या कडेला चिकटवला. आईंना मात्र दिव्याची चुटपुट लागली. "एवढा लांबून आणला मी," म्हणाल्या. तो आता जिन्यात लावलाय. तिथं रिमोट नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. बाहेरून हाक आली, "अगं, गॅस बारीक कर आणि ये. सून घर सोडून निघालीय. थांब, आवाज वाढवते."