उन्हाळ्यातील झोप

रात्री झोपेत शरीराचे आतील तापमान सुमारे १ अंश सेल्सियसने उतरते. ही उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेवाटे बाहेर पडते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत असल्याने झोप उशिरा लागते व वारंवार मोडते. प्रौढास किमान ७ तास झोप आवश्यक असते. उन्हाआधी पहाटेच शेतावर निघणाऱ्या मजुरास ही तूट भरून काढता येत नाही, आणि अपुऱ्या झोपेने उष्माघाताचा धोका वाढतो. गच्चीवर वा अंगणात बाज टाकून निजण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची होय. कूलर लावताना खिडकी उघडी ठेवावी. अन्यथा खोलीत दमटपणा साचून घाम वाळत नाही. झोपण्यापूर्वी तासभर कोमट पाण्याने केलेली अंघोळही उपयुक्त ठरते, कारण त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीर लवकर निवते.