काशाच्या भांड्यातली खरवड

तुर्कस्तानातल्या गॉर्डियन इथे १९५७ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या पथकाने एक लाकडी दफनकक्ष उघडला. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७४०. आत साठी ओलांडलेल्या पुरुषाचा सांगाडा आणि काशाची दीडशेहून अधिक भांडी. हा दंतकथेत हात लावेल त्याचं सोनं करणारा मायडास राजा की त्याचे वडील, यावर मतभेद आहेत. कित्येक भांड्यांच्या तळाला पिवळट खरवड धरलेली होती. सोनं तिथे नव्हतंच. खरं धन ही खरवड.

चार दशकांनी पुरातत्त्व-रसायनज्ञ पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी ती तपासली. टार्टारिक आम्ल मिळालं, म्हणजे द्राक्षं. कॅल्शियम ऑक्झलेट मिळालं. बार्लीची बिअर बनताना ते तळाला साचतं. मधातली साखर केव्हाच नाहीशी झालेली, पण गाळूनही मधात थोडं मेण राहतंच आणि मेण सहजी कुजत नाही. त्याची संयुगं सापडली. वाइन, बिअर आणि मधाची दारू, तिन्ही एकाच पेयात!

अमेरिकेतल्या डॉगफिश हेड ब्रुअरीने यावरून ‘मायडास टच’ नावाची बिअर बनवली. आधी जिभेवर मध येतो, मग मस्कत द्राक्षांचा गंध. बिअरमधल्या हॉप्सच्या फुलांचा परिचित कडवटपणा जवळजवळ नाही. त्याची जागा केशराने घेतली आहे. केशर मात्र खरवडीत सापडलेलं नाही. तो तर्क आहे, आणि मला तो पटतो, कारण केशर त्या भागात ठाऊक होतं. घटकांचं प्रमाणही आजच्या ब्रुअरने ठरवलेलं. खरवडीतून घटक कळतात, मापं नाहीत.